त्यांचा तो कार्यक्रम, आपली ती गर्दी

लॉकडाऊनला पाच वर्षं होऊन गेली. त्या काळात एक वाक्य इतक्या वेळा ऐकवलं गेलं की आपल्यातल्याही अनेकांना ते पटलं: वस्तीतल्या लोकांना शिस्त नाही. ते नाक्यावर बसतात, नळावर गर्दी करतात, रेशनच्या रांगेत खेटून उभे राहतात, म्हणून साथ पसरते. हे फक्त टीव्हीवरचे निवेदक बोलत नव्हते. घरातला पहिला पदवीधर, नुकताच वस्तीतून वन बीएचकेमध्ये राहायला गेलेला आपला भाऊसुद्धा व्हॉट्सॲपवर लिहीत होता, "आपले लोक कधी सुधारणार?" माझं भांडण त्या भावाशी आहे. ते भांडण अजून मिटलेलं नाही, कारण साथ गेली तरी ते वाक्य तसंच राहिलं आहे.

आधी गर्दीचंच बघू. २२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू होता. संध्याकाळी पाच वाजता घराच्या दारात, बाल्कनीत उभं राहून थाळ्या वाजवायच्या होत्या. अनेक शहरांत लोक थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरले, मिरवणुका काढल्या, नाचले. त्याला उत्साह म्हटलं गेलं. सहाच दिवसांनी दिल्लीच्या आनंद विहार बस स्थानकावर हजारो मजूर जमले. काम गेलं होतं, खोलीचं भाडं थकलं होतं, गाव शेकडो किलोमीटर लांब होतं. त्याला बेजबाबदारपणा म्हटलं गेलं. त्याच सुमारास बरेलीत गावाकडे परतलेल्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशक फवारलं, बायका-मुलांसकट. १४ एप्रिलला वांद्रे स्टेशनबाहेर मजूर जमले, त्यांच्यावर लाठीमार झाला. निजामुद्दीनच्या तबलिगी जमातीला तर देशाचा शत्रू ठरवलं गेलं. पुढे ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याची शक्यता निकालात नोंदवली. आणि एप्रिल २०२१ मध्ये, दुसरी लाट चढत असताना, हरिद्वारच्या कुंभात लाखो लोकांनी स्नान केलं. त्याला श्रद्धा म्हटलं गेलं.

विषाणूला उत्साह, श्रद्धा आणि बेजबाबदारपणा यातला फरक कळत नाही. तो फरक माणसं करतात. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. साथीच्या काळात तिनं सरकारी भाषेचं रूप घेतलं. कोण जमलं आहे हे बघून जमण्याचं नाव ठरत होतं.

आता ज्यांना शिस्त नाही म्हणतात त्यांनी काय केलं ते आठवा. १४ एप्रिल २०२० ला बाबासाहेबांची १२९ वी जयंती होती. जयंती आपल्याकडे नुसता उत्सव नसतो. ज्या रस्त्यावरून आपल्या आजोबांना मान वर करून चालता येत नव्हतं, त्या रस्त्यावरून वाजतगाजत जाण्याचा तो दिवस असतो. तरी त्या दिवशी लोकांनी घरात मेणबत्ती लावली, प्रतिमेला हार घातला आणि दार लावून घेतलं. ऑक्टोबरमध्ये दीक्षाभूमीवरचा सोहळा झाला नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर न येण्याचं आवाहन झालं आणि बहुसंख्य लोकांनी घरूनच अभिवादन केलं. दरवर्षी दादरच्या 'गर्दी'वर नाक मुरडणाऱ्यांनी त्या वर्षी या शिस्तीबद्दल कौतुकाचे चार शब्द लिहिल्याचं मला आठवत नाही. तुम्हाला आठवतंय का?

मग वस्तीत लोक बाहेर का दिसत होते? उत्तर घराच्या आकारात आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातली सुमारे ३७ टक्के कुटुंबं एका खोलीत राहतात. पिण्याच्या पाण्याची सोय घराच्या आवारात असलेली कुटुंबं देशभरात सुमारे ४७ टक्के, तर अनुसूचित जातींमध्ये सुमारे ३५ टक्के. "घरी थांबा" आणि "वारंवार हात धुवा" हे दोन्ही आदेश ज्याच्याकडे जास्तीची खोली आणि आतला नळ आहे त्याला समोर ठेवून काढले होते. बाकीच्यांसाठी दारासमोरची गल्ली हीच बैठकीची खोली असते, ओटा हा अभ्यासाचा कोपरा असतो, आणि नळ किंवा सार्वजनिक शौचालय टाळता येत नाही. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत रक्ततपासणीचं सर्वेक्षण झालं. झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचं दिसलं, बाहेरच्या इमारतींत सुमारे १६ टक्के. शेकडो माणसांत मोजकीच शौचालयं असतील तर रोज सकाळी रांग लागणारच. त्या आकड्यांमधला फरक स्वभावाचा म्हणून सांगणं हा खोटेपणा आहे. तो घरांचा आणि पाण्याचा फरक आहे, आणि ती घरं कोणाच्या वाट्याला आली याला जातीचा इतिहास आहे.

मी तेव्हा एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. वसतिगृह रिकामं करायला सांगितलं आणि मी घरी आले. दहा बाय बाराची खोली, पाच माणसं, एक स्मार्टफोन. रेंज फक्त विहाराच्या पायऱ्यांवर यायची. तिथं बसून ऑनलाइन तास ऐकणाऱ्या आम्हा तीन मुलींना पोलिसांनी दोनदा हुसकावलं. तीन मुली म्हणजे जमाव. हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी आपली पदवी अशाच कुठल्या तरी पायरीवर बसून पूर्ण केली असेल. बेशिस्त कोणाला म्हणतात, हे आपल्याला पुस्तकातून शिकायची गरज नाही.

आता त्या शब्दाकडे येऊ. सोशल डिस्टन्सिंग, म्हणजे सामाजिक अंतर. शब्दावर कशाला भांडायचं, असं पुष्कळ जण म्हणतात. पण हा शब्द समाजशास्त्रात आधीपासून आहे. १९२० च्या दशकात एमरी बोगार्डस या अमेरिकी अभ्यासकानं सामाजिक अंतर मोजायची पट्टी तयार केली. तिच्यात फूट-इंच नाहीत, प्रश्न आहेत. अमुक वंशाच्या माणसाशी तुम्ही सोयरीक कराल का? त्याला मित्र मानाल का? तो शेजारी राहिलेला चालेल का? आपल्या देशात तरी राहू द्याल का? सामाजिक अंतर म्हणजे हे. भारतात ते मोजायला बोगार्डसची गरज पडली नाही. गावकुसाबाहेरचा वाडा, वेगळा पाणवठा, वेगळी कपबशी हीच आपली पट्टी होती.

जागतिक आरोग्य संघटनेनं २० मार्च २०२० लाच सांगितलं होतं की आपण 'शारीरिक अंतर' हा शब्द वापरू, कारण माणसांनी एकमेकांपासून तुटावं असा हेतू नाही. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी प्यायले तोही २० मार्चच, १९२७ चा. हा निव्वळ योगायोग आहे. पण भारतानं त्यातून काही शिकायला हरकत नव्हती. इथं कॉलर ट्यूनपासून दुकानाच्या पाटीपर्यंत 'सामाजिक अंतर'च राहिलं.

आणि त्या शब्दाच्या आडून जुना माल बाजारात आला. "आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं. लांबून नमस्कार, बाहेरून आल्यावर आंघोळ, सोवळं, शिवाशिव, हे सगळं विज्ञानच होतं." असे संदेश तुम्हालाही आले असतील. याचं उत्तर सोपं आहे. आजाराचं अंतर दोन्ही बाजूंनी सारखं असतं. मी तुमच्यापासून सहा फूट, तुम्ही माझ्यापासून सहा फूट, आणि साथ संपली की अंतरही संपतं. शिवाशिवीत एकाच बाजूच्या माणसाचा विटाळ होतो, तो जन्मापासून मरेपर्यंत टिकतो आणि आंघोळीनं जात नाही. ज्या व्यवस्थेनं मैला उचलायला माणसं नेमली आणि मग त्यांनाच घाणेरडं ठरवलं, तिला स्वच्छतेचं शास्त्र म्हणणं ही थट्टा आहे.

याचा पुरावा त्याच काळात मिळाला. एप्रिल २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात विलगीकरणात ठेवलेल्या एका माणसानं दलित महिला सरपंचानं केलेलं जेवण नाकारलं. मे महिन्यात उत्तराखंडच्या नैनिताल जिल्ह्यात, विलगीकरण केंद्रातच, दलित स्वयंपाकिणीच्या हातचं जेवण नाकारल्याचं प्रकरण पोलिसांत गेलं. जग मरणाला भीत होतं आणि या माणसांना भीती होती ती जात बाटण्याची.

शहरात हे इतकं उघड नसतं. तिथं सोसायटीचा ठराव असतो. घरकाम करणाऱ्या बायकांना लॉकडाऊनमध्ये गेटवर अडवलं, ते समजू शकतं. पण अनेक ठिकाणी गेट उघडल्यावर त्यांच्यासाठी नवे नियम आले: लिफ्ट वेगळी, नोंदवही वेगळी, बागेतल्या बाकावर बसायचं नाही, जिन्यात दोघींनी थांबून बोलायचं नाही. लिफ्टमध्ये तिच्यापासून अंतर हवं, पण त्याच बाईनं मळलेल्या कणकेची पोळी चालते. विषाणूची भीती असती तर तिला आधी स्वयंपाकघरातून बाहेर काढलं असतं. आज मास्क गेले, सॅनिटायझरच्या बाटल्या गेल्या, पण 'कामवाल्यांसाठी' ही लिफ्टवरची पाटी पुष्कळ ठिकाणी तशीच आहे. राज्यघटनेचं कलम १७ अस्पृश्यता कोणत्याही स्वरूपात पाळायला मनाई करतं. त्या पाटीखालून रोज ये-जा करणारे आपणही आहोत.

साथीला उत्तर देण्याचे दोन मार्ग या मातीत एकाच वर्षी दिसले होते. फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत इंग्रज सरकारनं साथरोग कायदा आणला. माणसांना रोखायचे, तपासायचे, हलवायचे अधिकार त्यानं सरकारला दिले. २०२० मध्ये आपल्या सरकारांनी हाच कायदा काढला. त्याच १८९७ च्या मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन हडपसरच्या दवाखान्यात आणलं. त्यात त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. आज डॉक्टर सांगतील की मास्क घालायला हवा होता, हातमोजे हवे होते. बरोबर आहे. पण त्या मुलाला शिवायला कोणी तयार नव्हतं तर मास्क असूनही काय उपयोग होता?

२०२० मध्ये वस्त्या वाचल्या त्याही याच दुसऱ्या मार्गानं. धारावीत सहा फुटांचं अंतर अशक्य आहे हे पालिकेनं मान्य केलं आणि दारोदार जाऊन रुग्ण शोधले. स्थानिक डॉक्टर आणि कार्यकर्ते सोबत होते. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेतलं. ठिकठिकाणच्या वस्त्यांत विहार, समाजमंदिरं, मशिदी, तालमी यांच्यात चुली पेटल्या. कोणाच्या घरात रेशन संपलं, कोणाच्या आजीला ताप आहे, हे ओट्यावर बसणाऱ्या बायकांना आधी कळत होतं. ज्या बसण्या-उठण्याला गर्दी म्हणून हिणवलं, तीच वस्तीची आरोग्ययंत्रणा होती. टॉवरमध्ये शेजारच्या दाराआड कोणी वारलं तर ते कळायला किती वेळ लागायचा, हेही आपण तेव्हा वाचलं आहे.

म्हणून त्या भावाला, आणि आपल्या सगळ्यांनाच, तीन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, 'सामाजिक अंतर' हा शब्द आजाराच्या संदर्भात वापरू नका. शाळेच्या पुस्तकात, कार्यालयाच्या परिपत्रकात दिसला तर लेखी हरकत घ्या. शारीरिक अंतर म्हणा, सुरक्षित अंतर म्हणा. दोन, आपण राहतो त्या इमारतीतले साथीच्या नावाखाली आलेले नियम काढून वाचा आणि सभेत विचारा की यातला कोणता नियम आजारासाठी आहे आणि कोणता माणसासाठी. भीड वाटेल. आपलं आडनाव बघून लोक एकमेकांकडे बघतील. तरी विचारा. तीन, पुढची साथ येईल तेव्हा काठीऐवजी नळ, शौचालय आणि विलगीकरणाची खोली आधी पोहोचावी, ही मागणी आत्ताच वॉर्डात आणि ग्रामसभेत लावून धरा. साथ आल्यावर मागायला बाहेर पडलो तर आपल्याला पुन्हा गर्दीच म्हणतील.

शिकलो म्हणून वस्तीला नावं ठेवायचा हक्क मिळत नाही. आपली फी ज्या भिशीतून भरली गेली, ती भिशी बायकांनी एकत्र बसल्याशिवाय चालत नाही. त्या बसण्याची बाजू आपण नाही घ्यायची तर कोणी घ्यायची?