जाऊबाईंच्या जात्याची स्पर्धा

भगिनींनो, तुमच्यापैकी कितीजणी लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणाला अमेरिकेला जाऊन आल्या असतील! मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिथे असलात, तर टीव्हीवर उंच उंच मुली चेंडू घेऊन धावताना दिसल्या असतील. जावई समोरून उठत नाहीत आणि आपल्याला काही कळत नाही. त्यातल्याच एका स्पर्धेची हकीकत आज सांगते.

तिथे कॉलेजांचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. दक्षिणेकडच्या कॉलेजांचा गट म्हणजे साउथईस्टर्न कॉन्फरन्स. हा १९३२ साली स्थापन झाला, पण मुलींच्या बास्केटबॉलची स्पर्धा सुरू व्हायला १९८० साल उजाडलं! पहिली स्पर्धा टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिलला झाली आणि यजमान टेनेसीनेच ती जिंकली.

या संघाची प्रशिक्षिका होती पॅट हेड. त्याच वर्षी पुढे लग्न झालं आणि ती पॅट समिट झाली. शेतकऱ्याची मुलगी. गवताच्या माळ्यावर भावांबरोबर खेळत वाढलेली. गावाकडच्या शाळेत मुलींचा संघ नव्हता, म्हणून वडिलांनी दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवलं. मुलाच्या शिक्षणासाठी बिऱ्हाड हलवणारे आपण पुष्कळ पाहतो, पण मुलीच्या खेळासाठी? त्या वडिलांचं मला फार कौतुक वाटतं.

१९७४ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ती टेनेसीच्या मुलींना शिकवू लागली. पगार महिना २५० डॉलर. चार खेळाडू तर तिच्याहून जेमतेम वर्षाने लहान. संघाची गाडी हीच चालवायची, आणि सामना झाला की घामाने भिजलेले कपडे घरी नेऊन धुवायचीही हीच! दोनच वर्षांपूर्वी, १९७२ मध्ये, शिक्षणसंस्थांनी मुलगा-मुलगी असा भेद करायचा नाही, असा कायदा झाला होता. पण कायदा कागदावरून मैदानात उतरायला वेळ लागतो, हे काय तुम्हाला सांगायला हवं?

आणि ऐका गंमत. टेनेसीच्या शाळांतून १९७९ पर्यंत मुलींचा बास्केटबॉल निराळ्याच नियमांनी चाले. एका संघात सहाजणी. मैदानाच्या मधल्या रेघेच्या अलीकडे तिघी, पलीकडे तिघी. रेघ ओलांडायची नाही. अलीकडच्या तिघींनी फक्त प्रतिपक्षाला अडवायचं, बास्केट करायची संधी त्यांना कधीच नाही. का, तर पूर्ण मैदान धावणं मुलींच्या प्रकृतीला झेपणार नाही म्हणे! (शेतावर दिवसभर राबताना मात्र झेपत होतं.) पॅटने याविरुद्ध आवाज उठवला. स्वतः ती १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवणाऱ्या संघात खेळली होती, तेव्हा तिच्यापुढे कोण काय बोलणार?

तिची शिस्त कडक. वर्ग बुडवला तर सामन्यात खेळायचं नाही, वर्गात बसायचं तेही पहिल्या तीन रांगांत. तिच्याकडे खेळाची मुदत पुरी करणारी प्रत्येक मुलगी पदवी घेऊनच बाहेर पडली. खेळापायी अभ्यास बुडतो म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

१९९० ची गोष्ट तर ऐकूनच पोटात गोळा येतो. दिवस भरत आलेले, आणि ही बाई विमानाने पेनसिल्व्हेनियाला एका गुणी मुलीला आपल्या संघात बोलवायला गेली. तिथेच कळा सुरू झाल्या. तरी बोलणं पुरं केलं, मग परत विमानात! वैमानिक म्हणाले, वाटेत व्हर्जिनियात उतरूया. ही म्हणते, मुळीच नाही, बाळ टेनेसीतच जन्मलं पाहिजे. झालंही तसंच. (तुम्ही मात्र असलं धाडस करू नका हं!) ती मुलगी आधी दुसऱ्याच कॉलेजात गेली, पण पुढे टेनेसीत आली आणि १९९६ च्या राष्ट्रीय विजेत्या संघात खेळली.

पॅटने देशाचं अजिंक्यपद आठ वेळा मिळवलं. पण गटाची स्पर्धा तिला नेहमी साधली असं नाही. १९८७, १९९१, १९९७ आणि २००७ या चारही वर्षी ती घरच्या स्पर्धेत हरली आणि नंतर देशात पहिली आली. सासरच्या माणसांत मान मिळवणं बाहेरच्यांपेक्षा कठीण, तशातलाच प्रकार. जावा-जावांना एकमेकींचं जातं कसं फिरतं ते पुरतं ठाऊक असतं ना!

२०११ मध्ये तिला स्मृतिभ्रंशाचा, अल्झायमरचा विकार असल्याचं निदान झालं. वय अवघं ५९. लपवून न ठेवता तिने ते जगाला सांगितलं आणि आणखी एक मोसम संघाबरोबर उभी राहिली. मार्च २०१२ मध्ये नॅशव्हिलला टेनेसीने गटाची स्पर्धा जिंकली. तिच्या संघाचं हे या स्पर्धेतलं सोळावं विजेतेपद, आणि तिचं शेवटचं. २०१६ च्या जूनमध्ये ती गेली.

त्यानंतर साउथ कॅरोलायनाचा जमाना आला. हे कॉलेज गटात आलं १९९१ मध्ये, आणि डॉन स्टेली या प्रशिक्षिकेने २००८ मध्ये सूत्रं घेतली तेव्हा त्यांच्या नावावर या स्पर्धेचं एकही विजेतेपद नव्हतं. २०१५ ला पहिलं मिळालं, आणि २०२५ पर्यंत तब्बल नऊ झाली.

मधे २०२२ साली मात्र केंटकीने त्यांना अगदी शेवटच्या क्षणी दोन गुणांनी हरवलं. केंटकीने ही स्पर्धा त्याआधी जिंकली होती १९८२ साली, म्हणजे मधे चाळीस वर्षं गेली! साउथ कॅरोलायनाने डोळे पुसले आणि महिन्याभरात देशाचं अजिंक्यपद पटकावलं.

१९८० मध्ये गटात दहा कॉलेजं होती, २०२५ च्या स्पर्धेत सोळा. पाच दिवस सामने चालतात. हरलं की घरी, आणि जिंकणाऱ्या संघाला राष्ट्रीय स्पर्धेत हक्काची जागा. तेव्हा यंदा लेकीकडे असाल, तर जावयांच्या शेजारी बिनधास्त बसा, आणि केंटकीचा सामना असला तर १९८२ आणि २०२२ ही दोन सालं सहज बोलता बोलता टाका. पोळ्या तेवढ्या आधी करून ठेवा, कारण शेवटच्या दोन मिनिटांत तुम्हालाही उठवणार नाही.