कमरेचा घेर आणि पुरुषांचे मौन

चाळिशी उलटली की पुरुषाची ढेरी हा घरी आणि कार्यालयात थट्टेचा विषय होतो. दुपारनंतरचा थकवा, मावळलेला उत्साह, कामेच्छेतील घट यांविषयी मात्र कोणी बोलत नाही. ‘वय झाले’ म्हणून तो विषय मिटविला जातो. हे मौन महागात पडते, कारण या तक्रारींचे आणि ढेरीचे नाते पुष्कळदा जवळचे असते.

टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक केवळ पौरुषाशी निगडित आहे, हा समज अपुरा आहे. स्नायूंची घडण, मेदाचा साठा आणि इन्सुलिनला शरीर देत असलेला प्रतिसाद यांवरही त्याचा प्रभाव असतो. पोटावर मेद साचला की त्यातील अ‍ॅरोमाटेज हे विकर टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. वृषणांना मेंदूकडून मिळणारी सूचनाही मंदावते. संप्रेरक घटले की स्नायू झिजतात आणि मेद आणखी वाढतो. चक्रवाढीचे हे गणित बँकेच्या ग्राहकास निराळे समजावून सांगावयास नको. फरक इतकाच, की येथे वाढते ते कर्ज.

मग संप्रेरकाचे इंजेक्शन घेतले की प्रश्न सुटला, असे अनेकांना वाटते. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पोट सुटलेल्या, रक्तशर्करा वाढलेल्या, ५० ते ७४ वर्षे वयाच्या सुमारे एक हजार पुरुषांना आहार-व्यायामाच्या कार्यक्रमासोबत दोन वर्षे इंजेक्शने दिली गेली. निम्म्यांना टेस्टोस्टेरॉनची, निम्म्यांना औषधविरहित. अखेरीस पहिल्या गटात सुमारे १२ टक्के, तर दुसऱ्यात २१ टक्के पुरुष मधुमेही आढळले. आकडे मोहक आहेत खरे. परंतु टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या दर पाचांपैकी एकाहून अधिकांचे रक्त चिंता वाटावी इतके दाट झाले, हा त्याच ताळेबंदातील दुसरा रकाना सहसा वाचला जात नाही. बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनमुळे शुक्राणूंची निर्मिती रोडावते, हेही अपत्याची आस असलेल्या तरुणास व्यायामशाळेतील सल्लागार क्वचितच सांगतो.

तेव्हा प्रथम मोजावी ती कंबर. आशियाई पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते. संप्रेरकाची तपासणी करावयाची तर ती सकाळी, उपाशीपोटी आणि दोन निराळ्या दिवशी. सायंकाळी रोकड जुळवून घरी जाता-जाता दिलेल्या एका नमुन्यावर निदान होत नाही. वजन उतरले की पुष्कळांचे टेस्टोस्टेरॉन औषधावाचून वर येते. वृषणांचा वा पिट्युटरी ग्रंथीचा विकार असेल, तेथे मात्र औषधोपचार हवाच, आणि त्यात लाजण्याजोगे काही नाही. थायरॉइडची गोळी कोणी लपवून घेते काय?