अदृश्य दिसला, तरी अदृश्यच?

आळंदीत राहून अभियांत्रिकी शिकणारी काही मुले रविवारी एका खोलीवर जमून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली प्रथम प्रसिद्ध झाला. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने बोलतात आणि संशयाचा निकाल फासा देतो. परंपरेने ज्ञानदेवांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या मोक्षपटात कवड्या पडतील ते घर मिळते. तिथे वादाला जागा नाही. या खेळात मात्र मंत्राचे सामर्थ्य नियमपुस्तकातल्या शब्दांत असते, आणि शब्द आला की अर्थाचा वाद आलाच. असाच एक वाद मराठीच्या मास्तरांनी सोडवावा, म्हणून ही मुले माझ्याकडे आली.

वाद असा. २०१४ च्या नियमपुस्तकात अदृश्यतेची दोन कलमे आहेत. पहिले म्हणते, अदृश्य व्यक्ती जादूच्या किंवा विशेष इंद्रियाच्या साहाय्यावाचून दिसत नाही. दुसरे म्हणते, तिच्यावर वार करणाऱ्याने वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून कमी दान धरावे. एका मुलीच्या पात्राने ‘सी इन्व्हिजिबिलिटी’ हा मंत्र वापरला. शत्रू तिला लख्ख दिसू लागला. तरीही सूत्रधाराने कमी दानच धरले, वार चुकला आणि पात्र मेले. मुलगी दोन रविवार फिरकलेली नाही.

सूत्रधाराचा पूर्वपक्ष दुबळा नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. दुसऱ्या कलमात ‘न दिसल्यास’ अशी अट नाही. जैमिनींच्या मीमांसेत श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या ही प्रमाणांची उतरंड आहे; विरोध आला तर प्रत्यक्ष उच्चारलेला शब्द प्रकरणाहून बलवान ठरतो. साहित्यशास्त्रही मुख्यार्थाला बाध आल्याशिवाय लक्षणेकडे जाऊ देत नाही. शिवाय मंत्र अगदीच निरर्थक होतो असेही नाही, शत्रू कुठे उभा आहे ते तर कळतेच.

तरीही मला हा निर्णय चुकीचा वाटतो, आणि तो शब्द सोडून नव्हे, शब्द धरूनच. मंत्राचा मजकूर केवळ ‘अदृश्य वस्तू दिसतील’ एवढे सांगत नाही. त्या जणू दृश्य असाव्यात तशा दिसतील, असे सांगतो. मीमांसक याला अतिदेश म्हणतील: एका ठिकाणचे धर्म दुसऱ्या ठिकाणी लावणे. दृश्य शत्रूवर वार करताना कमी दान धरावे लागत नाही. मग जणू दृश्य असलेल्यावर का धरावे? हा ‘जणू’ फक्त पाहण्यापुरता आहे, असा आक्षेप येईल. पण सामान्य नियमापेक्षा विशेष नियम बलवान, हे तत्त्व त्याच पुस्तकाने मान्य केले आहे. अदृश्यतेची कलमे सामान्य, मंत्र विशेष. दह्याचे कावळ्यांपासून रक्षण कर, असे सांगितलेला मुलगा मांजराला दही खाऊ देत नाही, तो प्रयोजन ओळखतो. मंत्र खर्चून मिळवलेली दृष्टी वाराच्या क्षणी काढून घ्यायची असेल, तर ग्रंथात तसे स्पष्ट वचन हवे.

मुलांनी एक हुकमाचे पान काढले. तेव्हाचे नियमरचनाकार जेरेमी क्रॉफर्ड यांनीच शब्दशः अर्थाची बाजू घेतली होती. पण त्यांच्याच संस्थेच्या ‘सेज अ‍ॅडव्हाइस’ संकलनाने नंतर स्पष्ट केले की, रचनाकारांची जाहीर वक्तव्ये म्हणजे सल्ला, अधिकृत निर्णय नव्हे. मला यात गंमत वाटते. मीमांसकांच्या लेखी वेद अपौरुषेय, म्हणजे विचारायला कर्ताच नाही. म्हणूनच त्यांनी वाचनाचे नियम इतक्या कसोशीने घडवले. कर्ता हाताशी असला की वाचक आळशी होतो. माझ्या वर्गातही कवितेचा अर्थ विचारला की मुले कवितेकडे न पाहता गाईडकडे पाहतात.

२०२४ च्या सुधारित पुस्तकाने शब्दच बदलले: जो तुम्हाला पाहू शकतो त्याच्यापुरता अदृश्यतेचा हा लाभ तुम्हाला मिळत नाही. म्हणजे अर्थाचा वाद मजकूर दुरुस्त करून मिटला. आळंदीकरांना हे नवे नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा पाठांच्या गोंधळावर त्यांनीही मजकुरातूनच उपाय शोधला होता.

परंतु सुधारित आवृत्ती येईपर्यंत खेळणाऱ्यांनी काय करावे? माझे मत असे, की शंका असलेल्या नियमाचा अर्थ फासा पडण्यापूर्वी ठरवावा, तो सगळ्यांसमोर सांगावा आणि पुढे शत्रूच्या पात्रालाही तोच लावावा. दान पडल्यावर काढलेला अर्थ कितीही शास्त्रशुद्ध असला, तरी हरणाऱ्याला तो पक्षपातच वाटतो, आणि त्यात त्याची चूक नसते. त्या मुलीचे पात्र जिवंत करायचे की नाही हे मी सांगणार नाही, तो खेळणाऱ्यांचा अधिकार. मात्र तो वार पुन्हा टाकू द्यावा आणि तसा निरोप सूत्रधाराने स्वतः जाऊन द्यावा, एवढे मी त्यांना सांगितले आहे.