सायरनचा हिशोब

आपल्या मोटार वाहन कायद्यात एक मजेदार कलम आहे. नंबर २१०-ब. २०१९ च्या दुरुस्तीत ते आलं. साध्या मराठीत त्याचा अर्थ असा की कायदा राबवायचा अधिकार ज्यांना दिलाय, त्यांनीच तो मोडला तर दंड दुप्पट. म्हणजे हेल्मेट नसेल तर तुम्हाआम्हाला जेवढा, त्याच्या डबल पावती फाडणाऱ्या साहेबांना.

मी हे ज्यांना ज्यांना सांगितलं ते सगळे आधी हसले. मग म्हणाले, "बरं, आणि हा दंड करणार कोण?"

तोच आजचा विषय. पोलिसांच्या आणि रुग्णवाहिकेसारख्या तातडीच्या गाड्या रस्त्यावर कशा चालवल्या जातात, आणि त्याचा जाब कोण कुणाला विचारतं. मी मूळचा चंद्रपूरचा, पोटासाठी पुण्यात कोड लिहितो. वर्षातून चार-पाच वेळा चंद्रपूर, मूल, सावली, गडचिरोली असा रस्ता होतो. त्या रस्त्यावर दिवा लावून सुसाट गेलेल्या आणि पुढच्याच गावात चहाच्या टपरीसमोर निवांत उभ्या दिसलेल्या सरकारी गाड्या मी पाहिल्या आहेत. कुठल्या खात्याच्या ते सोडा. तुम्हीही पाहिल्या असतील.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू, कारण इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. सायरन असलेल्या गाडीला सगळं माफ असतं असं आपण धरून चालतो. तसं नाहीये. २०१७ साली केंद्राने मोटार वाहन (चालन) विनियम आणले. त्यात अग्निशमन, रुग्णवाहिका, पोलीस अशा गाड्यांना जीव वाचवण्यासारख्या तातडीच्या कामावर असताना सिग्नल तोडायची, वेगमर्यादा ओलांडायची मुभा आहे. पण सायरन आणि दिवा चालू ठेवून, योग्य ती काळजी घेऊन आणि स्वतःच्या जबाबदारीवर. हे शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे. कायद्याने वेग दिलाय, पण जबाबदारी काढून घेतलेली नाही.

आणि हे काही नवीन नाही. १९६२ साली सुप्रीम कोर्टाने राजस्थान सरकार विरुद्ध विद्यावती या खटल्यात निकाल दिला होता. उदयपूरच्या कलेक्टरची सरकारी जीप, वर्कशॉपमधून दुरुस्त करून परत आणताना ड्रायव्हरने निष्काळजीपणे चालवली आणि एक पादचारी गेला. सरकार म्हणालं आम्ही जबाबदार नाही. कोर्ट म्हणालं, आहात. साठ वर्षांहून जास्त झाली त्याला. तरी आजही सरकारच्या स्वतःच्या गाडीला, ती सरकारी कामासाठी वापरात असेल तर, थर्ड पार्टी विम्याची सक्ती नाही. नुकसानभरपाई द्यायची तर सरकारच देणार, पण त्यासाठी आधी न्यायाधिकरणात सरकारशीच भांडायचं. एटापल्लीच्या किंवा भामरागडच्या माणसाला हे किती सोपं आहे ते तुम्हीच सांगा.

आता आपल्या जिल्ह्यांची गोष्ट. इथे हा विषय मुंबई-पुण्यासारखा नाही, कारण गडचिरोलीत पोलिसांची गाडी हेच वर्षानुवर्षं लक्ष्य होतं. ११ मे २०१४ ला चामोर्शी तालुक्यात पावीमुरांडाजवळ भूसुरुंगात ७ पोलीस गेले. १ मे २०१९ ला, ऐन महाराष्ट्र दिनी, कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला स्फोट झाला आणि शीघ्र कृती दलाचे १५ जवान आणि त्यांच्या खासगी गाडीचा ड्रायव्हर असे १६ जण गेले. आदल्या रात्री दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली होती, तिकडे ते निघाले होते. एवढे जवान एकाच खासगी गाडीतून, रस्ता आधी तपासून न घेता कसे निघाले, यावर नंतर बरंच बोललं गेलं. गेलेल्या माणसांना बोल लावायचा माझा अजिबात हेतू नाही. आदेश मिळाला की निघायचं असतं. पण एक गोष्ट त्यातून शिकायला हवी. गाडी कुठली, किती माणसं, रस्ता कोणी पाहिला, हे नियम कागद भरायला नसतात. ते मोडले तर पहिला जीव आतल्या माणसाचा जातो.

या भीतीतून गाडी चालवायच्या काही सवयी लागल्या तर त्या समजण्यासारख्या आहेत. मध्ये थांबायचं नाही. वेळ ठरलेली ठेवायची नाही. गाडी ओळखू येईल असं काही ठेवायचं नाही. जंगलातून जाताना वेग कमी करायचा नाही. जीव वाचवायला हे करावंच लागत असेल. पण काळ बदलतोय. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती उर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. धोका शून्य झाला असं कुणीच म्हणणार नाही, पण ज्या कारणासाठी सवयी लागल्या ते कारण आकसतंय. आमच्या धंद्यात याला तात्पुरता जुगाड म्हणतात. रात्री दोन वाजता सर्व्हर पडला म्हणून कुणीतरी चार ओळी घुसडतो, शेजारी 'नंतर काढणे' असं लिहितो, आणि सात वर्षांनी त्याच चार ओळींवर अख्खी कंपनी चाललेली असते. सवयींचं तेच होतं. कुणी मुद्दाम काढल्या नाहीत तर त्या राहतात.

बरं, वेगाने मिळतं किती ते तरी मोजू. (इंजिनियर माणूस, गणित केल्याशिवाय चैन पडत नाही.) चंद्रपूर ते गडचिरोली साधारण ८० किलोमीटर. सरासरी ६० ने गेलात तर ८० मिनिटं. सरासरी ७५ काढलीत तर ६४. वाचली १६ मिनिटं. पण गावं, वळणं, गुरं धरून सरासरी ७५ काढायची तर मोकळ्या पट्ट्यात काटा शंभराच्या वर न्यावा लागतो. ६० च्या वेगाला कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला साधारण ३७ मीटर लागतात, ड्रायव्हरला कळायला लागणारा एक सेकंद धरून. १०० ला लागतात ८३. खाली केलेल्या हेडलाइटचा उजेड पडतो ४०-५० मीटरपर्यंत. म्हणजे समोरून गाडी येतेय म्हणून दिवा खाली केलाय आणि तुम्ही शंभरावर आहात, तर जे दिसेल ते तुमच्या थांबण्याच्या अंतराच्या आतच दिसणार. लोहारा-चिचपल्लीच्या जंगलात ते चितळ असेल, रानडुक्कर असेल, वाघही असेल. कुरखेडा-धानोऱ्याकडे २०२१ पासून रानटी हत्ती आलेत. आणि सगळ्यात जास्त शक्यता म्हणजे, सायकलवर बिनादिव्याचा आपलाच माणूस.

१६ मिनिटं कमी नाहीत हे मान्य. बाळंतपणात रक्तस्राव होणाऱ्या बाईला १६ मिनिटं म्हणजे सगळं काही असू शकतं. आमच्या नात्यातला एक भाऊ रुग्णवाहिका चालवतो, त्याला हे गणित दाखवलं. तो म्हणाला, "तुमचा हिशोब बरोबर आहे भाऊ. पण मांगं बसलेला नातेवाईक काचेवर बुक्के मारते ना, तेव्हा हिशोब नाही सुचत."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण थोड्या वेळाने तोच म्हणाला की खरा वेळ डांबरी रस्त्यावर जातच नाही. तो जातो त्याच्या आधी. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं. आतल्या गावातून पेशंटला खाटेवर घालून माणसं चालत आणतात. मग प्राथमिक आरोग्य केंद्र, मग अहेरी, मग गडचिरोली, मग चंद्रपूर किंवा नागपूर, प्रत्येक ठिकाणी एक चिठ्ठी आणि पुन्हा नवी गाडी. भामरागड ते गडचिरोली दीडशे किलोमीटरपेक्षा जास्त आहे. आधीच्या टप्प्यात जे तास गेले ते शेवटच्या टप्प्यात मिनिटांनी भरून काढायची जबाबदारी आपण एकट्या ड्रायव्हरच्या उजव्या पायावर टाकतो. तोही बिचारा दाबतो. म्हणून ड्रायव्हरला शिव्या देणं मला पटत नाही. तो साखळीतली शेवटची कडी आहे.

मग माझं म्हणणं काय? एवढंच की सायरनचा हिशोब ठेवा.

आमच्याकडे प्रॉडक्शन सर्व्हरवर वाट्टेल ते करायची परवानगी मोजक्या लोकांना असते. ती द्यावीच लागते, नाहीतर अडचणीच्या वेळी काम होणार नाही. पण ती वापरली की नोंद होते. कोण आला, किती वाजता, काय केलं. आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी ती नोंद वाचतं. यात अविश्वास नाही. उलट नोंद आहे म्हणून तर बिनधास्त अधिकार देता येतो. सायरन ही तसलीच परवानगी आहे, फक्त नोंद वाचणारं कुणी नाही.

आणि यासाठी नवीन खर्चही फार नाही. १०८ च्या रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून धावतायत, त्यात जीपीएस आहे. ११२ वर फोन केला की जी पोलिसांची गाडी पाठवतात तिचीही जागा कंट्रोल रूमला दिसते. म्हणजे कॉल कधी आला, गाडी कधी निघाली, कुठे किती वेगात होती, सगळं कुठेतरी साठतंय. प्रत्येक जिल्ह्यात रस्ता सुरक्षा समिती असते. तिने महिन्यातून एकदा, चिठ्ठ्या टाकून, वीस-पंचवीस फेऱ्या काढाव्यात आणि दोनच प्रश्न विचारावेत. कॉल होता का? आणि गावातून जाताना वेग किती होता? कॉल नसताना कुणी शंभरावर असेल तर २१०-ब आहेच. कॉल असताना गावातून ऐंशीने गेला असेल तर त्याला आधी सायरनवर गाडी चालवायचं नीट प्रशिक्षण द्या. पोलीस चालकाला भरतीच्या वेळी कौशल्य चाचणी द्यावी लागते, पण साधी गाडी चालवणं आणि जीव टांगणीला असताना चालवणं यात फरक आहे. ब्रिटनमध्ये पोलिसांना दिवे लावून वेगात जायचं तर त्याचा वेगळा कोर्स पास करावा लागतो. आणि ड्रायव्हर सलग किती तास ड्युटीवर होता तेही त्याच कागदावर लिहा, म्हणजे दोष नेमका कुणाचा ते कळेल.

मोहिमेवरच्या गाड्यांचं काय, असं कुणी विचारेल. त्यांची माहिती बाहेर येऊ नये हे बरोबरच आहे. ती समितीपुढे नका ठेवू. पण खात्याच्या आत, वरिष्ठांनी तरी बघावी. जांभुळखेड्यानंतर एवढी अपेक्षा जास्त नाही.

आता हे सगळं कशासाठी, कुणाची तरी गंमत बघायला? नाही. आमच्याकडे रात्री फोन वाजवून उठवणारे अलर्ट असतात. खोटे अलर्ट फार झाले की माणूस झोपेतच फोन बंद करतो आणि नेमका खरा अलर्ट त्यातच जातो. लांडगा आला रे आला, तीच गोष्ट. वाट दिली नाही तर १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं २०१९ पासून कायद्यात आहे. पण माणूस दंडाला भिऊन बाजूला होत नाही. आत कुणीतरी मरणाच्या दारात आहे असं त्याला वाटतं म्हणून तो ट्रॅक्टर चिखलात घालतो. १ मे २०१७ पासून मंत्र्यासंत्र्यांचे लाल दिवे गेले तेव्हा लोकांना बरं वाटलं ते याचसाठी, की आता दिवा दिसला तर काम खरं असेल. प्रत्येक खोटा सायरन तो विश्वास थोडा खातो. आणि तो संपला की त्याची किंमत चहाच्या टपरीवर थांबलेली गाडी देत नाही, मागून येणारी बाळंतीण देते.

म्हणून चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या समित्यांनी सुरुवात छोटी करावी. एक महिना, पंचवीस फेऱ्या, दोन प्रश्न. सगळं नीट निघालं तर उत्तमच, मग आमच्यासारख्यांची तोंडं आपोआप बंद होतील.