मुली बोलतात, म्हणून निर्धास्त राहायचं?

"मुली मैत्रिणींपाशी रडून मोकळ्या होतात. मुलगे आतल्या आत कुढतात, तेव्हा काळजी करायची ती मुलग्यांची." पालकसभांमध्ये हे हल्ली फार ठामपणे सांगितलं जातं. यात तथ्य आहे. 'मुलगा असून रडतोस काय' हे ऐकत वाढलेला मुलगा मदत मागायला कचरतोच, आणि देशातल्या एकूण आत्महत्यांमध्ये सुमारे सत्तर टक्के पुरुष असतात. पण अठराच्या आतल्या वयाला हा हिशेब लागू पडत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२० च्या अहवालात या वयोगटातल्या ११,३९६ आत्महत्यांपैकी ६,००४ मुलींच्या होत्या. बोलून मोकळं होणं त्यांना पुरलं नाही. पंधरा वर्षांची मैत्रीण ऐकून घेते, कुणाला न सांगण्याची शपथ घेते आणि स्वतःही घाबरते. पुढे कुणाकडे जायचं, हे तिलाही ठाऊक नसतं.

"हेल्पलाइन आहे की!" आहे, आणि चांगली आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली टेलिमानस १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत मिळते. हा क्रमांक प्रत्येक वहीवर छापावा. पण कोपरखैरणे-घणसोलीतल्या माथाडी कामगारांच्या लहानशा घरात फोन आईचा, आणि सगळं घर ऐकतंय. तिथून मुलीने बोलायचं कसं? जन्माने मिळालेली लिंगओळख आपली न वाटणाऱ्या मुलाची भीती तर त्याहून मोठी: हे घरी कळवतील का? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अठराखालच्यांच्या उपचाराचे निर्णय सहसा पालकांमार्फत होतात. घराचीच धास्ती असलेलं मूल पहिलं पाऊलच टाकत नाही.

म्हणून माझा आग्रह शाळेतल्या समुपदेशकासाठी आहे. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावलं. त्यातून कोचिंग क्लासही सुटलेले नाहीत. पीटीच्या सरांवर हे जादा काम टाकून भागणार नाही. समुपदेशकाची खोली मुख्याध्यापकांच्या दारासमोर नको. काय गुपित राहील आणि जिवाला धोका असेल तर काय सांगावंच लागेल, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट व्हावं. 'डोकं दुखतं' म्हणत रोज तास बुडवणाऱ्या मुलाकडेही त्याच खोलीत लक्ष जाईल.

नवी मुंबईतल्या पालकांनी पुढच्या सभेत टक्केवारीच्या आधी हे विचारावं: समुपदेशक कोणत्या वारी बसतात, आणि मुलांना ते माहीत आहे का?