पर्यावरणाचा पेपर आणि आपली येरळा

परीक्षा जवळ आल्या की कॉलेजच्या गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात एक वस्तू हमखास मिळते. पर्यावरण अभ्यासाचा तयार प्रकल्प. मुखपृष्ठ, प्रस्तावना, उद्दिष्टे, निष्कर्ष, सगळं टाईप केलेलं. नाव आणि रोल नंबर तेवढा घालायचा, स्पायरल मारायचं, सबमिट करायचं. विषय नदी प्रदूषणाचा असतो आणि नदी कुठली, तर गंगा. सातारा-सांगलीच्या पोरानं गंगेची प्रत्यक्ष पाहणी केली म्हणे, तीही लेक्चरं चालू असताना!

यावर हसून सोडून देण्यासारखं नाही, कारण हा पेपर कुणा शिक्षणमंत्र्याच्या डोक्यातून आलेला नाही. तो कोर्टातून आलाय. एम. सी. मेहता या वकिलांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २२ नोव्हेंबर १९९१ ला निकाल दिला की पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा हवा. बारा वर्षं विद्यापीठांनी त्याकडे कानाडोळा केला. मग २००३ मध्ये कोर्टानं पुन्हा दटावलं, तेव्हा कुठं यूजीसीनं सहा महिन्यांचा अभ्यासक्रम काढला. आठ प्रकरणं, पन्नास तास. त्याचं पुस्तक लिहिलं आपल्या पुण्याच्या डॉ. एरक भरुचांनी. आणि शंभर गुणांतले पंचवीस गुण ठेवले क्षेत्रकार्याला. म्हणजे बाहेर पडा, जवळची नदी, डोंगर, माळ बघा, जवळची एखादी घाण झालेली जागा बघा, आसपासची झाडं, किडे, पक्षी ओळखा. आठवं प्रकरण अख्खं याच कामाचं. नव्या शैक्षणिक धोरणात नावं बदलली, गुणांचे क्रेडिट झाले, पण गाभा तोच आहे. आणि नेमका तोच गाभा आपण झेरॉक्सवाल्याला विकून टाकलाय.

माझं म्हणणं एवढंच आहे की या दोन जिल्ह्यांतल्या पोरांना हा पेपर लिहायला गंगेपर्यंत जायची गरज नाही. एक येरळा पुरे आहे. कशी ते सांगतो. ज्यांचा पेपर तोंडावर आलाय त्यांनी हे जरा नीट वाचा, मार्कांनाही उपयोग होईल.

येरळा खटाव तालुक्याच्या डोंगरात उगम पावते. वडूजवरून खाली येते, खानापूर, कडेगाव, तासगाव, पलूसचा भाग ओलांडून ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. पावसाळ्याचे काही दिवस सोडले तर पात्र कोरडं. आता पहिला प्रश्न: कोरडं का? त्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर दहिवडीला पाचशेच्या आसपास, कधी तेवढाही नाही. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्री चढताना थंड होतात आणि तिथंच रिकामे होतात. घाट उतरून पुढं आलेली हवा कोरडी असते. पुस्तकात याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. माण-खटावची, आटपाडी-जतची माणसं त्यालाच दुष्काळ म्हणतात. दोन्ही शब्द एका उत्तरात लिहिले तर तपासणाऱ्यालाही बरं वाटेल.

दुसरा प्रश्न दरवर्षी ठरलेला: परिसंस्था म्हणजे काय, घटक सांगा. पोरं जंगल, हरीण, वाघ लिहून मोकळी होतात. त्यापेक्षा येरळवाडीचा तलाव घ्या. पाणी, गाळ, ऊन, पाण्यातले क्षार हे अजैविक घटक. पाण्यातलं शेवाळ उत्पादक. शेवाळावर जगणारे बारीक जीव, त्यांच्यावर मासे, माशांवर बगळे. मेलेलं सगळं कुजवणारे जिवाणू म्हणजे विघटक. हिवाळ्यात तिथं रोहित पक्षी येतात, ज्यांना आपण फ्लेमिंगो म्हणतो. हा एवढा मोठा पक्षी चोचीनं चिखलपाणी गाळून शेवाळ आणि बारीक कवचवाले जीव खातो. म्हणजे अन्नसाखळी अगदी आखूड. एका पायरीवरून पुढच्या पायरीवर साधारण दहा टक्केच ऊर्जा जाते हा नियम तुम्ही पाठ करताच. मग एवढा मोठा पक्षी हजारोंच्या थव्यानं कसा जगू शकतो याचं उत्तर या आखूड साखळीत आहे. तो साखळीच्या तळाशीच जेवतो. तलावात पाणी फार कमी झालं तर खाणं जातं, फार वाढलं तर त्याला उभं राहायला उथळ जागा राहत नाही. एका घटकाला धक्का लागला की बाकीचे हलतात, ही व्याख्या झाली. आणि हे बघायला एसटीचं तिकीट पुरतं.

आता या लेखात मला जिथं थांबायचंय तिथं येतो. वाळू.

नैसर्गिक संसाधनांच्या प्रकरणात वाळू बहुतेक नोट्समध्ये नसते. कोळसा असतो, पेट्रोल असतं. पण येरळेसारख्या नदीत वाळू म्हणजे नुसता बांधकामाचा माल नव्हे. पुराचं पाणी ओसरलं तरी वाळूच्या थरात ते मुरून राहतं. वर ऊन लागत नाही म्हणून वाफ कमी होते, आणि काठावरच्या विहिरींना ते पाझरत राहतं. वाळू उपसली की पात्राचा तळ उघडा पडतो, पुढचं पाणी न थांबता पळून जातं, आणि विहिरी आटतात. म्हणजे ट्रक भरून वाळू गेली तेव्हा त्यात गावाचं उन्हाळ्यातलं पाणीही गेलं.

हे कुणा शास्त्रज्ञानं सांगायच्या आधी खानापूर तालुक्यातल्या माणसांनी ओळखलं. १९८२ च्या मुंबईच्या गिरणी संपात गावाकडं परतलेले कामगार, रोजगार हमीवर राबणारी माणसं, छोटे शेतकरी यांनी मुक्ती संघर्ष चळवळ उभी केली. डॉ. भारत पाटणकर त्यात होते. त्यांनी नुसती खडी फोडायची कामं मागितली नाहीत. दुष्काळ का पडतो, पिकं कशी बदलली, पाणी कुठं गेलं याची लोकांकडूनच माहिती जमवली. आज आपण ज्याला ‘क्षेत्रकार्य’ म्हणतो ते या माणसांनी मार्कांशिवाय केलं. मग येरळेवर बलवडी आणि तांदुळवाडी या दोन गावांनी बळीराजा धरण बांधायचं ठरवलं. ठेकेदारांचा बेसुमार उपसा थांबवायचा, मर्यादित वाळू गावानं स्वतः विकायची आणि त्या पैशातून धरण. सरकारची परवानगी मिळवायला वर्षं गेली, पण ऐंशीच्या दशकाच्या शेवटी धरण उभं राहिलं. त्यामागचं तत्त्व जास्त मोलाचं आहे: पाण्यावर हक्क जमिनीच्या एकरांवर नाही, माणसांवर. भूमिहीनालाही वाटा. आणि त्या पाण्यावर ऊस नाही.

चिपको आंदोलनावर टीप लिहा, सायलेंट व्हॅलीवर टीप लिहा, हे प्रश्न येतात आणि यावेतच. पण विट्याच्या पोराला गढवालमधली १९७३ ची घटना तोंडपाठ असावी आणि शेजारच्या बळीराजा धरणाचं नावही माहीत नसावं, हे मला खटकतं. २०२० मध्ये मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा जुना वटवृक्ष रत्नागिरी-नागपूर महामार्गात जाणार होता. लोक उभे राहिले आणि रस्त्याची आखणी बदलावी लागली. तेही चिपकोच्याच जातीचं. उत्तरात दोन ओळी घाला की!

ऊस नाही, हा मुद्दा पुढं नेऊ या. टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांनी कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी पट्ट्यात आणलं. ते आणायलाच हवं होतं, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण पाण्यामागोमाग ऊस आलाच. आणि ऊस, भरपूर पाणी, निचरा नाही, याचा शेवट काय होतो ते बघायचं तर कृष्णाकाठावर जा. वाळवा, मिरज, पलूस तालुक्यांत कधीकाळी सोन्यासारख्या असलेल्या काळ्या जमिनी क्षारपड झाल्यात. पाणी जास्त झालं की जमिनीतली पाण्याची पातळी मुळांपर्यंत वर येते, त्यासोबत क्षार वर येतात, पाणी वाफ होऊन जातं आणि क्षार पांढरे होऊन पृष्ठभागावर बसतात. पुस्तकात ‘भूमी अवनती’ असा भारदस्त शब्द आहे. बांधावर उभं राहून त्या पांढऱ्या थराचा फोटो काढा, शेतकऱ्याला विचारा किती वर्षांपूर्वी पहिल्यांदा दिसलं, जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा करायला एकरी किती खर्च आला. हा प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात मिळणार नाही.

आणि येरळा संपते कुठं? ब्रह्मनाळला. ८ ऑगस्ट २०१९. पुरातून सुटका करून घेणाऱ्या गावकऱ्यांची बोट तिथं उलटली आणि माणसं गेली, बायका-पोरं गेली. दुष्काळी नदीच्या तोंडाशी महापुरानं घेतलेले बळी. त्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी साडेसत्तावन्न फुटांपर्यंत गेलं होतं. धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट आहे. २००५ ला पूर आला होता, नंतर २०२१ ला पुन्हा आला.

आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रकरणात पोरं लिहितात, ‘पूर ही नैसर्गिक आपत्ती आहे.’ अर्धं बरोबर. पाऊस पडणं, नदी फुगणं हा नैसर्गिक धोका. त्याची आपत्ती होते ती माणसं कुठं राहतात, पूररेषेत किती बांधकाम झालंय, धरणातून पाणी कधी सोडलं, इशारा वेळेवर पोचला का, बोटी किती होत्या, यावरून. अलमट्टीमुळं पूर येतो की आपल्याच अतिक्रमणांमुळं, यावर आपल्याकडं चहाच्या टपरीवर तास न् तास वाद चालतो. चालू दे. पण आयर्विन पुलावर चाळीस फूट पाणी असताना आपल्या गल्लीत पाणी येतं का, की बेचाळीसला येतं, की पंचेचाळीसला, हे घरातल्या एका तरी माणसाला माहीत आहे का? पदवीधर पोराला ते माहीत नसेल तर हा पेपर सक्तीचा करून कोर्टानं काय मिळवलं?

बाकीची प्रकरणंही अशीच अंगणात आहेत. कोयना धरणाच्या परिसरात ११ डिसेंबर १९६७ ला झालेला भूकंप जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकात जलाशयाशी संबंध असलेल्या भूकंपाचं उदाहरण म्हणून आहे. कास पठार २०१२ पासून जागतिक वारशात. मूळ जागी संवर्धन हवं असेल तर चांदोली, आणि उजाड डोंगरावर माणसांनी उभं केलेलं अभयारण्य हवं असेल तर सागरेश्वर, धो. म. मोहित्यांच्या चिकाटीचं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ वर टीप आली तर बत्तीस शिराळ्याची नागपंचमी. जलप्रदूषणाला सांगलीचा शेरीनाला. त्याबद्दल सांगलीकरांना मी काय सांगणार, वास त्यांना रोज येतो.

आता शिक्षकांची बाजूही सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. हा पेपर बऱ्याच ठिकाणी ज्याच्याकडं तास कमी त्याच्या गळ्यात पडतो. तासिका तत्त्वावरचा एखादा प्राध्यापक आणि समोर दोन-तीनशे पोरं. त्यानं तीनशे प्रकल्प वाचायचे कधी आणि पोरांना नदीवर न्यायचं कसं? झेरॉक्सचा धंदा पोरांच्या आळसावर जेवढा चालतो तेवढाच या हिशेबावर चालतो. म्हणून पोरांना नुसतं रागावून काही होणार नाही.

पण थोडं बदलता येईल. तीनशे वेगळे प्रकल्प घेण्यापेक्षा दहा-दहा जणांचे गट करा, प्रत्येक गटाला त्यांच्यातल्याच कुणाचं तरी गाव द्या. काम एकच: तीन विहिरींची पाण्याची पातळी दोरी सोडून मोजा, घरांच्या भिंतीवरच्या पुराच्या खुणा जमिनीपासून मोजा, ओढ्याकाठची झाडं नोंदवा. पुढच्या वर्षी पुढच्या बॅचनं त्याच विहिरी मोजायच्या. पाच वर्षांत कॉलेजकडं अशी नोंद जमेल जी तहसीलला मागायला यावं लागेल. तीस पोथ्या तपासायच्या आणि दहा मिनिटं तोंडी विचारायचं, ‘दोरी किती फूट गेली?’ नक्कल केलेल्याला ते सांगता येणार नाही. शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीनच जिल्हे आहेत. लेखी पेपरात ‘तुमच्या तालुक्यातील उदाहरण देऊन’ एवढे चार शब्द एका प्रश्नात घालायला कुठल्या मोठ्या सुधारणेची वाट बघायची?

आणि पोरांनी जमवलेलं जाणार कुठं, तर ग्रामपंचायतीत. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक गावात व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन ती दाखवा म्हणा. उघडून बघा, गावातल्या म्हाताऱ्यांना माहीत असलेली किती झाडं, किती गवतं त्यात आहेत.

ज्यांच्या घराच्या भिंतीवर २००५, २०१९ किंवा २०२१ ची पाण्याची रेघ अजून आहे, त्यांनी रंग काढताना ती तेवढी पुसू नका. गाव, गल्ली आणि उंबऱ्यापासून किती फूट, एवढं खाली लिहा. यंदा दुसऱ्या वर्षाला असलेल्या कुणाला प्रकल्पाला विषय हवा असेल तर तो तिथूनच उचला, आणि मोजायला टेप घरातला घेऊन जा.