रील म्हणते ‘तुम्ही ऑटिस्टिक आहात’, पण जयगडला बसून निदान करायचं कसं?

समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलता येत नाही, ऐनवेळी बेत बदलला की डोकं फिरतं, गर्दीतून घरी आलं की दोन तास कुणाशी बोलवत नाही. ही ऑटिझमची लक्षणं आहेत असं सांगणारी एक रील तुम्ही शेवटपर्यंत बघितलीत, की अल्गोरिदम तसल्याच आणखी वीस पुढे ठेवतो. आठवडाभरात अख्खं फीड त्याच विषयाने भरतं. मग रात्री दीड वाजता कुठल्यातरी साइटवर पन्नास प्रश्नांची चाचणी सोडवून होते, गुण ३४ येतात आणि झोप उडते.

घरी सांगितलं तर ‘हल्ली प्रत्येकालाच काहीतरी असतं’ हे उत्तर ठरलेलं. पण ही शंका इतकी फालतू नाही. आज पंचविशी-तिशीत असलेली मुलं शाळेत होती तेव्हा ऑटिझम शोधणारं कुणी आजूबाजूला जवळपास नव्हतंच. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, त्यात ऑटिझम नव्हता. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात त्याचं नाव आलं, पण प्रमाणपत्र आणि नोकरीच्या मुख्य यादीत तो आला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने, जो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९९ साली जन्मलेला मुलगा तोवर बारावीची परीक्षा देऊन मोकळा झाला होता. अभ्यासात बरा, बोलायला अबोल, गणपतीत घर पाहुण्यांनी भरलं की मागच्या पडवीत जाऊन बसणारा, शिमग्याच्या ढोलांनी कान झाकणारा. अशा मुलाला आपल्याकडे ‘जरा एकलकोंडा आहे’ म्हणतात आणि विषय तिथेच संपतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात दर १२७ माणसांमागे एक जण ऑटिस्टिक होता. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १६ लाख १५ हजार होती. जगाची सरासरी इथे जशीच्या तशी लावली, तर आकडा साडेबारा हजारांच्या पुढे जातो. हा नुसता गुणाकार आहे, सर्वेक्षण नव्हे; पण जिल्ह्यात अशी मोठी माणसं असणार आणि त्यातल्या अनेकांना ते ठाऊक नसणार, एवढं त्यावरून कळतं.

नैराश्यामुळे गुंता वाढतो

मोठेपणी ऑटिझमची शंका येणारे बरेच जण आधीपासून नैराश्याशी झगडत असतात. २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षानुसार ऑटिस्टिक प्रौढांपैकी साधारण ३७ टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येतं. कारण समजायला अवघड नाही. रोज ठरवून हसायचं, कुठे काय बोलायचं ते मनात पाठ करून जायचं, कॅन्टीनमधला गोंगाट सहन करायचा आणि हे सगळं करतोय हे कुणाला कळू द्यायचं नाही. याला इंग्रजीत ‘मास्किंग’ म्हणतात, मराठीत ‘मुखवटा’ म्हणूया. वर्षानुवर्षं मुखवटा घालून माणूस थकतो. त्यात जयगडसारख्या ठिकाणी बंदर आणि वीज प्रकल्पामुळे पाळ्यांची कामं आहेत. झोपेच्या वेळा बदलत राहिल्या की नैराश्य आणखी बळावू शकतं.

आता उलट बाजू बघा. नैराश्यातला माणूससुद्धा लोकांना टाळतो, डोळ्यांत बघत नाही, फोन उचलत नाही, आवाज नकोसा होतो. ‘स्वमग्नता’ हा ऑटिझमचा मराठी शब्द तर या गोंधळात भरच घालतो, कारण उदास माणूसही बाहेरून स्वमग्नच दिसतो. मग आपल्याला नेमकं काय आहे? ऑटिझम, नैराश्य की दोन्ही?

इथे एक साधी गोष्ट कामाला येते. डॉक्टर नैराश्यासाठी वापरतात ती ‘पीएचक्यू-९’ नावाची नऊ प्रश्नांची चाचणी फक्त गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. झोप कशी होती, भूक कशी होती, कशात मन लागत होतं का. ऑटिझमच्या चाचणीचा रोख मात्र तुम्ही मुळात कसे आहात यावर असतो. नैराश्याला सहसा सुरुवात असते: ‘आधी क्रिकेट खेळायचो, गेल्या दिवाळीपासून मैदानावर गेलोच नाही.’ ऑटिझम लहानपणापासून असतो. तो अंगावर यायला मात्र वेळ लागू शकतो, म्हणजे गाव सोडून हॉस्टेलला गेल्यावर किंवा पहिली नोकरी लागल्यावर. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या ‘डीएसएम-५’ मध्येही हेच आहे: लक्षणं बालपणात सुरू झालेली हवीत, पण माणसावरचा सामाजिक ताण वाढेपर्यंत ती पूर्ण दिसणार नाहीत असंही होऊ शकतं.

‘राड्स-आर’ या ८० प्रश्नांच्या चाचणीत उत्तरांचे पर्यायच तसे केलेत. ‘आताही खरं आणि लहानपणीही’, ‘फक्त आता’, ‘फक्त सोळाव्या वर्षापर्यंत’, ‘कधीच नाही’. तुमची बहुतेक उत्तरं ‘फक्त आता’मध्ये पडत असतील, तर आधी नैराश्याकडे बघायला हवं.

त्या ३४ गुणांचं काय?

पन्नास प्रश्नांची ती चाचणी बहुधा ‘एक्यू’ असते. केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन यांच्या गटाने ती २००१ मध्ये तयार केली. त्यांच्या अभ्यासात सुमारे ८० टक्के ऑटिस्टिक प्रौढांना ३२ किंवा जास्त गुण मिळाले, तर इतरांत फक्त २ टक्के लोकांना. हे वाचून ३४ म्हणजे शिक्कामोर्तब वाटतं. पण २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या एका निदान केंद्राने ऑटिझमच्या शंकेने आलेल्या ४७६ प्रौढांचे एक्यूचे गुण आणि नंतर झालेलं निदान यांचा मेळ घालून बघितला. गुणांवरून निदानाचा अंदाज नीट बांधताच आला नाही. चिंतारोग असलेल्यांचे गुण ऑटिझम नसतानाही वर जात होते. आणि ज्यांचे गुण कमी आले त्यांच्यापैकी ६४ टक्के लोक प्रत्यक्षात ऑटिस्टिक निघाले! म्हणजे गुण जास्त आले तरी खात्री नाही, कमी आले तरी सुटका नाही. चाचणी फक्त ‘पुढे जाऊन दाखवा’ एवढंच सांगू शकते.

रील्सची अवस्था याहून वाईट. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये टिकटॉकवरचे ऑटिझमची माहिती देणारे १३३ लोकप्रिय व्हिडिओ तपासले. २७ टक्के बरोबर, ४१ टक्के चुकीचे आणि ३२ टक्के व्हिडिओंत एकाचा अनुभव सगळ्यांवर लादलेला. टिकटॉक आपल्याकडे जून २०२० पासून बंद आहे, पण तोच माल रील्स आणि शॉर्ट्समधून येतोच.

चॅटजीपीटीला विचारणारेही आता खूप आहेत. विचारायला हरकत नाही, फक्त एक लक्षात ठेवा. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयला आपली एक अपडेट मागे घ्यावी लागली, कारण चॅटबॉट वापरणाऱ्याच्या प्रत्येक बोलण्यावर हांजी हांजी करत होता. ‘मी ऑटिस्टिक आहे ना?’ असं विचारलंत तर उत्तर ‘हो’कडे झुकेल आणि ‘मी उगाच विचार करतोय ना?’ विचारलंत तर तिकडे. डॉक्टर तुमच्या आईला विचारतो, तुमच्या बोलण्यातल्या जागा धरतो, वेळ पडली तर तुमचं म्हणणं खोडतो. चॅटबॉटला तुम्ही टाइप केलंत तेवढंच दिसतं.

आणि प्रायव्हसी. बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशनाच्या मोठ्या कंपनीने लोकांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅटसारख्या कंपन्यांना दिली म्हणून अमेरिकेच्या एफटीसीने २०२३ मध्ये तिला ७८ लाख डॉलर भरायला लावले. एवढ्या नावाजलेल्या कंपनीचं हे असेल, तर निकाल दाखवायला मोबाइल नंबर मागणाऱ्या फुकट चाचणीला खरा नंबर कशाला द्यायचा?

जयगडहून रस्ता कुठे जातो

लहान मुलांसाठी सरकारी साखळी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी-शाळेत तपासणी होते आणि गरज पडली तर मुलाला जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात. ही साखळी अठराव्या वर्षी संपते. एकोणिसाव्या वर्षी शंका आलेल्या माणसाला वाट स्वतःच काढावी लागते, आणि माझ्या मते आपल्या व्यवस्थेतली सगळ्यात मोठी फट हीच आहे.

जयगडपासून रत्नागिरी साधारण ४०-४५ किलोमीटर. तिथे जिल्हा रुग्णालय आहे आणि प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. ठाणे, येरवडा आणि नागपूर धरून राज्यात अशी चारच आहेत. अडचण अंतराची कमी आणि नावाची जास्त. सिनेमांनी ठाणे-येरवड्याची जी थट्टा करून ठेवली, तीच कोकणात रत्नागिरीच्या वाट्याला येते, आणि एसटीतून उतरताना कुणी ओळखीचं भेटेल या धास्तीने माणूस जातच नाही. ओपीडीत केसपेपर काढून डॉक्टरला भेटणं म्हणजे भरती होणं नव्हे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ ने तुमची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कही दिलाय.

जाणं अगदीच जमत नसेल तर व्हिडिओ कॉल आहे. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार नोंदणीकृत डॉक्टर पहिली भेटसुद्धा व्हिडिओवर घेऊ शकतो. मानसोपचारतज्ज्ञ एमबीबीएसनंतर शिकलेला डॉक्टर असतो, औषध तोच देतो. चाचण्या घेणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी लागते. तो क्रमांक बेधडक मागा. इन्स्टावर बायोमध्ये ‘थेरपिस्ट’ लिहायला कसलाच परवाना लागत नाही.

प्रौढांमधल्या ऑटिझमची सवय असलेला तज्ज्ञ मिळायला वेळ लागतो, मुंबई-पुण्याला जावं लागू शकतं. अडचण होते ती इथेच. ‘आधी नेमकं काय आहे ते कळू दे, मग औषधाचं बघू’ असं म्हणत लोक नैराश्य अंगावर काढतात. याची गरज नाही. नैराश्याचा उपचार आजच सुरू होऊ शकतो, त्यासाठी ऑटिझमच्या उत्तराची वाट बघावी लागत नाही. उलट उदासी थोडी उतरली की मूळ स्वभावात काय आहे ते डॉक्टरलाही स्वच्छ दिसतं. फक्त पहिल्याच भेटीत दोन्ही गोष्टी सांगा. ‘मला उदास वाटतं’ एवढंच सांगितलंत तर केसपेपरवर तेवढंच लिहिलं जाईल आणि लहानपणाचा विषय निघणारच नाही.

त्या विषयाची तयारी फोनवर करता येते. आईला, किंवा मुंबईला असलेल्या मोठ्या बहिणीला, निवांत फोन लावा आणि तिच्या परवानगीने रेकॉर्ड करा. बोलायला कधी लागलो, एकटा काय खेळायचो, कुठल्या कपड्यांना किंवा जेवणाला नाही म्हणायचो, शाळेत मित्र किती. ‘तू ऑटिस्टिक होतास का’ असं विचारू नका, आठवणी विचारा. जुनी प्रगतिपुस्तकं असतील तर बाईंच्या शेऱ्यांसकट स्कॅन करा. त्यासोबत दोन आठवड्यांची झोपेची आणि मूडची नोंद ठेवा, पाळी कुठली होती तेही लिहा. रीलमधून उचललेल्या लक्षणांच्या यादीपेक्षा डॉक्टरला याचा उपयोग कितीतरी जास्त होतो.

जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर मात्र अपॉइंटमेंटसाठी थांबू नका. १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा सरकारी नंबर १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. फुकट, चोवीस तास आणि मराठीतून. आधी समुपदेशक बोलतो, गरज असेल तर पुढे तज्ज्ञाकडे जोडून देतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचं ॲपही आलं. इथे ऑटिझमचं निदान होत नाही, पण त्या रात्रीचा प्रश्न निदानाचा नसतोच. जवळच्या एका माणसालाही उठवून सांगा.

निदान वेगळं, प्रमाणपत्र वेगळं

डॉक्टरने ऑटिझम आहे म्हटलं म्हणजे यूडीआयडी कार्ड मिळालं असं नाही. ऑटिझमच्या प्रमाणपत्रासाठी ‘आयएसएए’ ही ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी ठरवलेली आहे. प्रत्येक मुद्द्याला १ ते ५ गुण. एकूण ७० गुणांना ४० टक्के अपंगत्व धरतात आणि आरक्षणासाठी किमान ४० टक्के लागतात. आयुष्यभर मुखवटा सांभाळलेला, नोकरी करणारा माणूस ७० च्या खाली राहू शकतो. त्यामुळे त्याचं निदान खोटं ठरत नाही, पण सरकारी नोकरीतल्या राखीव जागांचा दरवाजा त्याला उघडत नाही. ही जागाही तशी अरुंदच आहे: ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांना मिळून एक टक्का.

मग निदानाचा उपयोग काय? समुपदेशन तुमच्या पद्धतीने बदलून घेता येतं. अनेक ऑटिस्टिक लोकांना ‘आत्ता काय वाटतंय’ याला चटकन शब्द सापडत नाहीत, तिथे लिहून संवाद केला तर जमतं. कामावर सूचना तोंडी न देता व्हॉट्सॲपवर द्या, जेवणाच्या सुट्टीत शांत जागा द्या, असं कारणासकट मागता येतं. ऑटिझम ‘बरा’ करणारं औषध नाही. स्टेम सेलच्या जाहिराती फीडमध्ये दिसतील, पण राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑटिझमसाठी तो उपचार करू नये असं २०२२ मध्येच सांगितलंय.

दरवेळी कागद मागून घ्या, हेही सांगून ठेवतो. केसपेपर, चाचण्यांचे गुण, औषधाची चिठ्ठी. २०१७ च्या त्याच कायद्यातल्या कलम २५ नुसार आपल्या उपचारांच्या नोंदी बघायला मिळणं हा तुमचा हक्क आहे. रत्नागिरीत सुरू झालेला उपचार उद्या नोकरीमुळे पुण्याला न्यायचा झाला, तर तिथल्या डॉक्टरला शून्यापासून सांगावं लागणार नाही.